निवृत्त जागल्या
यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कपाशी व तूर उभी राहिली की रानडुकरे आणि रोही यांपासून पीक राखण्यासाठी रात्रीची जागल करावी लागते, आणि त्या जागलीवर धन्याच्या बरोबरीने, विनावेतन व विनारजा, तैनात असतो तो त्याचा कुत्रा; २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा परिसरात अवनी वाघिणीची दहशत होती, तेव्हा माणसे दिवस मावळण्यापूर्वीच वावरातून परतू लागली, परंतु या प्रजेला तशी मुभा कोण देणार? आमच्या कुत्र्याने ही चाकरी उमेदीच्या काळात इमानेइतबारे बजावली, आणि आता तो वृद्ध झाला आहे: नेत्रांवर निळसर धूसरता आली आहे (ती दरवेळी मोतीबिंदूच असते असे नाही, वयोमानाने भिंगाचा गाभा घट्ट होतो, दृष्टी मात्र बव्हंशी शाबूत राहते), मागील पायांचे सांधे धरले आहेत, आणि ओट्याची पायरी चढण्यापूर्वी तो, एखाद्या अव्वल कारकुनाने अर्जावरील शेरा न्याहाळावा तसा, तिचा दीर्घकाळ विचार करतो. कुत्र्याला घाम जवळजवळ केवळ पंजांनाच येत असल्यामुळे देहाची उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर घालवावी लागते. वार्धक्यात तेही श्रम जड जातात, म्हणून वैशाखात रांजणाजवळची ओली जागा आम्ही त्याच्या नावे कायम केली आहे, आणि पाणी घेण्यास जाणाऱ्याने त्याला ओलांडूनच जावे, असा घरातला अलिखित हुकूम आहे. मध्यरात्री तो अजूनही फाटकाशी जाऊन एकवार भुंकतो, आणि गल्लीतील तरुण कुत्री त्याला अत्यंत बेअदबीने उत्तर देतात.