दुकान आपले, चोपडी कोणाची?



नाशिक जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात अलीकडे एक नवा पाहुणा फिरू लागला आहे. पूर्वी बियाण्याचा एजंट यायचा, मग शेडनेटवाला आला, आता "तुमच्या गटाला ऑनलाइन दुकान काढून देतो" म्हणणारा येतो. लॅपटॉप उघडतो, रंगीत चित्रे दाखवतो, ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवर तुमच्या गावाचे नाव झळकवतो. किंमत विचारली की सांगतो, "सुरुवातीला फुकट." हा शब्द ऐकला की आमचा हात आधी खिशाकडे जातो.

संगणकाला शिव्या घालायला आम्ही बसलेलो नाही. "शेतकऱ्याला त्यातले काय कळते" असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी दिंडोरी-निफाडला एक चक्कर मारावी. अपेडाच्या ग्रेपनेटवर २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षांची प्लॉटवार नोंद होत आली आहे. युरोपातल्या पेटीवरून माग काढत बाग सापडते. बागाईतदाराला जे जमले ते येवला, नांदगाव, मालेगावच्या ज्वारी-कपाशीवाल्यालाही जमेल. प्रश्न आहे तो मालकीचा.

मालकी गेली म्हणजे काय होते हे कापूसवाल्याला निराळे सांगायला नको. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हाही ती "तुमच्याच भल्यासाठी" होती. मग स्वतःच्या रानातला कापूस गाडीत भरून राज्याच्या हद्दीपलीकडे नेणारा शेतकरी चोर ठरला. काटा त्यांचा, प्रतवारी त्यांची, चुकारे त्यांच्या सवडीने. खाजगी व्यापाऱ्याला वाट मोकळी व्हायला २००२ साल उजाडावे लागले. तीस वर्षे एकच दार पाहिलेल्या माणसाने नव्या घरात शिरताना मागचे दार कुठे आहे ते आधी बघावे.

म्हणून दुकानाचे सॉफ्टवेअर दाखवायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: उद्या आम्ही तुम्हाला सोडले तर आमच्याबरोबर काय येईल? दुकानाचा पत्ता, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात तो, आला पाहिजे. गिऱ्हाइकांची नावे आणि फोन आले पाहिजेत. कोणी, कधी, किती माल, काय भावाने नेला ही सगळी चोपडी आली पाहिजे. यातले काहीही अडणार असेल तर त्या चित्रांना भुलू नका. एका महिला गटाचे आमच्या समोरचे उदाहरण आहे. दुकान बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले. वर्ष भरल्यावर दर वाढवून मागितला. बायांनी नाही म्हटले तेव्हा पिशव्यांवर छापलेला पत्ता त्याच्याकडे राहिला आणि पिशव्या यांच्याकडे. डोमेनचे वर्षाचे भाडे हजार रुपयांच्या आसपास असते. तेवढ्यासाठी गावाचे नाव परक्याच्या उताऱ्यावर चढवायचे?

कंपनी मोठी असली म्हणजे दुकान पक्के, असेही समजू नका. गूगलने लाखो छोट्या दुकानदारांना फुकटात वेबसाइटची पाने बनवू दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती सगळी बंद केली. कोणाशी भांडणार? भाडेच घेतले नव्हते!

आता निवड. ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे अॅमेझॉन-फ्लिपकार्टसारखा मोठा बाजार. तिथे गर्दी तयार असते, पण गिऱ्हाईक बाजाराचे. त्याला परस्पर फोन करून पुढच्या वर्षीची ज्वारी विकायला गेलात तर नियमभंग होतो. ही बाजार समितीचीच बहीण. कोणाचा माल वर दिसणार हे ती ठरवणार आणि वर अडतही घेणार. दुसरी वाट भाड्याच्या गाळ्याची. २००६ मध्ये कॅनडात निघालेली शॉपिफाय ही त्यातली मोठी. महिन्याचे भाडे भरा आणि दुकान चालवा. गिऱ्हाइकांची यादी आणि विक्रीच्या नोंदी फाईलमध्ये उतरवून नेता येतात, मांडलेले दुकान मात्र तिथेच राहते, आणि विक्री झाली नाही तरी भाडे चुकत नाही. कोरडवाहू माणसाचे बाराही महिने सारखे नसतात, हे त्या गाळेवाल्याला कोण सांगणार?

तिसरी वाट स्वतःच्या जागेवर बांधण्याची. वूकॉमर्स हे सॉफ्टवेअर २०११ साली निघाले. वर्डप्रेसवर चालते, त्याचा कोड खुला आहे, वापरायला परवाना फी नाही आणि सगळी चोपडी तुमच्या हातात राहते. एक होस्टिंगवाला पटला नाही तर बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेता येते. पण हेही फुकटात पडत नाही. होस्टिंगचे भाडे आहे, वरचेवर सुधारित आवृत्त्या चढवाव्या लागतात, नाही चढवल्या तर चोर शिरतो. गटात संगणकाला हात लावणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर आम्ही वूकॉमर्सच घ्या म्हणू. तसे कोणी नसेल तर भाड्याचा गाळा घ्या, पण डोमेन गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर, आणि पासवर्ड सचिवाच्या कपाटात.

या सगळ्यापेक्षा जास्त गट बुडतात ते कुरिअरच्या हिशेबात, आणि लॅपटॉपवाला नेमके त्यावर गप्प असतो. कुरिअर भाडे घेते ते वजनावर, मालाच्या किमतीवर नाही. येवल्याची पैठणी अर्ध्या-एक किलोच्या डब्यात जाते आणि हजारोंची असते. भाडे तिला जाणवतही नाही. पाच किलो ज्वारीला ते भाकरीपेक्षा जड होते. त्यात घनफळी वजनाची मेख आहे: डब्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचे. ३० बाय ३० बाय २५ चा डबा म्हणजे साडेचार किलो. त्यात दीड किलो ज्वारीच्या लाह्या भरा, भाडे साडेचार किलोचेच! लाह्यांत हवा असते आणि ती आपण विकत पाठवतो. कापूसवाल्यांनीही ऐकावे. बोंड कोणी मोबाईलवर मागवत नाही, पण वाती मागवतात. त्या दाबून, चपट्या पुडक्यात बांधल्या तरच परवडतात. म्हणून सॉफ्टवेअर घेण्याआधी समोर बसून करून दाखवायला सांगा: पाच किलो ज्वारी मालेगावहून पुण्याला आणि तीच दिल्लीला. वजन आणि पिनकोड बघून दोन वेगळी भाडी निघाली नाहीत तर फरक तुमच्या पट्टीतून जाणार. पिठाची गोष्ट याहून नाजूक. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. मागणी आल्यावर दळायचे तर "चार दिवसांनी निघेल" असे मांडता येईल असे दुकान हवे.

पैशाच्या वाटेवरही कडता आहे. पेमेंट गेटवेचा नेहमीचा दर शेकडा २ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००० रुपयांवर २३ रुपये ६० पैसे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर आकारायचा नाही असा सरकारी नियम आहे, तरी गेटवेवाले निराळ्या नावाची फी लावतात. ठरलेल्या गिऱ्हाइकाला गटाच्या खात्याचा क्यूआर पाठवा. आणखी एक: जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला. तो हिशेब सॉफ्टवेअर मालवार करते का ते बघा.

ओएनडीसीबद्दल बैठकांत विचारणा होते. सरकारने पुढाकार घेतलेली ही कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये नोंदली गेली. घेणारा एका अॅपवर आणि विकणारा दुसऱ्यावर असला तरी व्यवहार व्हावा हा त्यामागचा विचार आम्हाला पसंत आहे. दारे जितकी जास्त तितके बरे. पण तिथे शिरायला विक्रेत्याचे अॅप कोणा ना कोणाचे घ्यावेच लागते, आणि त्या कोणालाही तोच पहिला प्रश्न विचारायचा आहे.

ज्या गटांनी दुकान काढले आहे किंवा काढायचे ठरवले आहे, त्यांनी जिल्हा बैठकीला येताना करारपत्राची प्रत, डोमेन कोणाच्या नावावर आहे त्याचा कागद आणि कुरिअरची गेल्या तीन महिन्यांची बिले घेऊन यावे. ज्यांचे डोमेन परक्याच्या नावावर निघेल त्यांचे अर्ज त्याच दिवशी तिथेच बसून लिहून देऊ.