लागलं नाही ना?

मराठीत प्रश्न दोन कारणांसाठी विचारतात. एक, उत्तर मिळावं म्हणून. दुसरं, उत्तर मिळू नये म्हणून. 'जेवूनच आला असाल ना?' हा दुसऱ्या जातीतला, आणि त्यावरून आम्हा पुणेकरांना पुरेसं छळून झालेलं आहे. पण त्याचाच एक सख्खा भाऊ राजरोस चौकाचौकांत हिंडतो आहे आणि त्याला कोणी हसत नाही. 'लागलं नाही ना?' हा तो भाऊ. मोटारीची काच चार बोटं खाली करून हा प्रश्न विचारायचा असतो. ज्याला विचारायचा तो रस्त्यावर बसलेला असतो, त्याची सायकल शेजारी आडवी असते आणि तिचं वरचं चाक अजून फिरत असतं.

'लागलं का?' असं विचारलं असतं तर तो प्रश्न झाला असता. 'कुठं लागलं?' म्हटलं तर माणुसकीच. 'लागलं नाही ना?' हा मात्र तयार कागद आहे, खाली फक्त सही करायची. आणि सायकलवाला ती करतो! कोपर सोललेलं, पायजम्याचा गुडघा गेलेला, पण भर चौकात पडल्याची लाज अशी की तो घाईघाईनं 'नाही, नाही' म्हणतो, वर हसतो. काच वर जाते, मोटार जाते. गुडघा संध्याकाळी सुजतो, तोवर मोटार वाकडला पोचून जेवत असते.

या प्रकाराला 'किरकोळ अपघात' म्हणतात. माझं भांडण या शब्दाशी आहे. किरकोळ कोणाच्या दृष्टीनं? दुकानाच्या पाटीवर 'ठोक व किरकोळ' असं लिहिलेलं असतं. ती पाटी मोटारींच्या मागे लावायला हरकत नाही, कारण ठोकतो तोच किरकोळ ठरवतो. मारुती ८०० आली १९८३ साली, तेव्हा तिचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होतं. आज चौकात शेजारी येऊन उभ्या राहतात त्या गाड्यांतल्या कित्येक दीड टनाच्या पुढे आहेत. माझी काळी सायकल वीस किलोची, डबा धरून. या दोघांत झालेली गोष्ट दोघांनाही सारखीच किरकोळ कशी असेल?

कायद्यानंही आमच्या दुखण्याची मोजदाद करून ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ११६ व्या कलमात गंभीर दुखापत म्हणजे काय याची यादी आहे. हाड मोडलं की गंभीर. दात मोडला तरी गंभीर. (कवळीचा विचार झालेला दिसत नाही.) तीव्र वेदना पंधरा दिवस राहिल्या तर गंभीर, जुन्या दंडविधानात वीस दिवस लागत, म्हणजे पाच दिवसांची सवलत मिळाली, सरकारचे आभार. मोटार वाहन कायद्याचं १६४ वं कलम तर आणखी उदार आहे. चूक कोणाची हे न शोधता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. त्याखालचं दुखणं असेल, तर मात्र चूक मोटारवाल्याचीच हे सिद्ध करत बसा. सोललेल्या गुडघ्यासाठी आणि चाकाला आलेल्या आउटसाठी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या कोण चढणार? चढायचं तर गुडघा धड हवा ना!

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण मोटारवाल्यांना ते खरोखरच माहीत नसतं. लहानपणापासून आम्हाला एकच शिकवलं, 'डाव्या बाजूनं चालव.' आम्ही चालवतो. चौक येतो. आम्हाला सरळ जायचं असतं. मागून मोटार येते, उजवीकडून आम्हाला ओलांडते आणि ओलांडून होतं न होतं तोच आमच्या नाकासमोरून डावीकडे वळते. वास्तविक डावीकडे वळणाऱ्यानं आधीपासूनच रस्त्याच्या डाव्या कडेला यावं, असं १९८९ सालच्या नियमांत लिहिलेलं होतं. म्हणजे सरळ अर्थ असा की सायकलच्या मागे या, ती पुढे सरकू द्या, मग वळा. यात वेळ किती जातो? तीन-चार सेकंद. एवढे सेकंद वाचवून तो गृहस्थ वळतो आणि वीस पावलांवर वडापावच्या गाडीसमोर थांबतो!

त्यातून मोटारीचं मागचं चाक मोठं लबाड. वळताना ते पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, आतून जातं. पुढचा भाग सुटला म्हणून सायकलवाला सुस्कारा सोडतो आणि मागचा भाग त्याला अलगद फुटपाथकडे दाबतो. या वेळी मोटारवाला कुठं बघत असतो? उजवीकडे. तिकडून बस येत असते ना! ज्याच्यापासून आपल्याला धोका तिकडे त्याची नजर असते. ज्याला आपल्यापासून धोका तो डावीकडे आहे, आणि त्या बाजूच्या आरशात, असेलच उघडलेला तर, आभाळ दिसत असतं.

आणि इंडिकेटर? गेल्या वर्षी नळस्टॉपच्या चौकात (वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल आणि त्याच्याखाली मी, अशी तीन मजली रचना आहे) एका तरुणानं मला असंच कडेला बसवलं. धडकेपूर्वी तो मला हॉर्ननं 'ए' म्हणाला होता, धडकेनंतर एकदम 'काका' म्हणाला. हे नातं फक्त अपघातानंच जुळतं. उतरला, आधी बंपर पाहिला, त्यावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, इंडिकेटर दिला होता ना मी!" जणू रीतसर नोटीस बजावली होती आणि मी हरकत नोंदवायला हजर राहिलो नाही. अहो, इंडिकेटर म्हणजे विनंती असते. 'वळू का?' असं त्याला म्हणायचं असतं. आमच्याकडे तो 'वळलो' असं म्हणतो.

मग चौकाचं कोर्ट भरलं. तिथं वकील फुकट आणि सगळे सरकारपक्षाचे. भाजीची पिशवी घेतलेल्या एका गृहस्थांनी मला उठवलं, हॅन्डल सरळ केलं (पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून, अगदी शास्त्रशुद्ध) आणि वर निकालही दिला, "आजोबा, या वयात सायकल कशाला चालवता?" मी चालवतो म्हणून हा मला पाडतो, तेव्हा मी चालवू नये! पाकीट मारलं गेलं की 'पैसे कशाला बाळगता?' असं विचारण्यातलाच हा प्रकार.

सायकलवाले काही संत नाहीत, हे मान्य. सिग्नल तोडतात, उलटे येतात. पण आम्हाला शिस्त लावायची हौस या शहरानं भरपूर भागवून घेतली आहे. हे सायकलींचं शहर होतं तेव्हा सायकलला म्युनिसिपालटीचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे. डबलसीट दिसलं की शिट्टी आलीच, आणि पोलीसदादा मनावर घेतील तर चाकातली हवाही जाई. मोटारवाल्याच्या चाकातली हवा कोणी काढल्याचं मी पाहिलेलं नाही. शिवाय सायकलवाला चुकला तर दंड जागच्या जागी हाडांतून वसूल होतो. मोटारवाल्याचा फार तर रंग जातो.

हॉलंडचं नाव काढलं की आमचे लोक 'तिथली लोकसंख्या किती, आपली किती' म्हणतात. पण हॉलंडही जन्मतः शहाणा नव्हता. तिथंही मोटारींचा सुकाळ झाला, मुलं चिरडली गेली, आणि १९७० नंतरच्या दशकात आईबाप रस्त्यावर उतरले. आज तिथं मोटार सायकलला धडकली की भरपाईची जबाबदारी आधी मोटारवाल्यावर असते. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्णच. आम्ही काय केलं? २००६ साली बीआरटी आली, तिच्याबरोबर सायकलमार्ग आले. त्यांवर मोटारी लागतात, भेळ मिळते, आणि जिथं त्यांची खरी गरज असते त्या चौकाच्या अलीकडे ते नेमके संपतात. कर्वेनगरात मात्र जुन्या सायकलींचं एक सुरेख संग्रहालय झालं आहे. तिथं सायकल अगदी सुरक्षित असते.

माझं मागणं मोठं नाही. वळायचं असेल तर आमच्या मागे या. आणि धक्का दिलाच, तर काच खाली करू नका, दार उघडा. बंपर नंतर बघा, तो पळून जात नाही. 'कुठं लागलं?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आम्हाला जरा वेळ लागतो, आधी चष्मा शोधावा लागतो. चाकाला आउट आला असेल तर सायकल दुकानापर्यंत पोचवा. डिकीत मावते. डिकी केवढी मोठी आहे ते बघूनच तर तुम्ही ही गाडी घेतलीत.