वहीलाही दार हवं!



आमच्या चौथीतल्या एका मुलीनं जूनपासून पक्ष्यांची वही लिहिली. दिवाळीनंतर वर्गात नवी मुलगी आली. हिनं मोठ्या हौसेनं तिला वही वाचायला दिली. दुसऱ्याच दिवशी वही परत! "मला साळुंकी हवी होती, सापडलीच नाही." हिचा चेहरा एवढासा झाला.

खरं तर चूक कुणाचीच नव्हती. लिहिणाऱ्याला वहीतली वाट पाठ असते, नव्या वाचकाला नसते.

मग आम्ही तिघी बसलो. पानांना आकडे घातले. पुढच्या कोऱ्या पानावर वही कशाची ते चार ओळींत लिहून खाली अनुक्रमणिका केली. शेवटी अकारविल्हे सूची : कावळा – ३, १७; चिमणी – ५; साळुंकी – ९, २२. अनुक्रमणिका पानांच्या क्रमानं चालते, सूची अक्षरांच्या.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा हाच, वाचकाचा वेळ वाचवा!

आता नवी मुलगी वही परत द्यायचं नावच काढत नाही. तुम्हीही नव्या वहीची पहिली दोन पानं कोरी ठेवाल ना?

– तुमच्या बाई