पिंजऱ्याआडच्या वाघाचा फोटो

शाळांना सुट्टी लागली की मुळशी भागातली पुष्कळ कुटुंबे एक दिवस कात्रजला जाऊन येतात. पौड, पिरंगुट, भूगावहून बसने स्वारगेट आणि तिथून पुढे कात्रज. बसभाडे, माणशी तिकीट, बांधून घेतलेल्या भाकरी, मुलांचा हट्ट हा सगळा हिशोब जमवून वर्षातून एखाद्या वेळी घडणारी ही सहल. संध्याकाळी घरी येऊन मोबाइल उघडावा तर काय दिसते? वाघाच्या जागी एक पिवळा ठिपका, बिबट्याच्या जागी नुसती जाळी आणि सापाच्या काचेत आपलाच चेहरा! मुले हिरमुसतात. त्यासाठी महागडा कॅमेरा घेण्याची गरज नाही. थोडी युक्ती आणि पुष्कळ सबुरी लागते.

जुन्या मंडळींना पेशवे पार्क आठवत असेल. पुणे महापालिकेने ते १९५३ साली सुरू केले, १९५६ पासून तिथे फुलराणी धावू लागली. तिथले पिंजरे लहान होते, प्राणी हाताच्या अंतरावर, पण मध्ये गज. १९९९ साली कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि वाघाला खंदकाने वेढलेली मोकळी जागा मिळाली. प्राण्यांच्या दृष्टीने हे फार बरे झाले. फोटो काढणाऱ्याची मात्र अडचण बदलली. आता प्राणी दूर आणि खाली, आपण कठड्यावर उभे.

वरून काढलेल्या फोटोत वाघाची पाठ दिसते, वाघ दिसत नाही. म्हणून खंदकाच्या कडेने आधी एक फेरी मारावी आणि कठडा जिथे जमिनीशी जास्तीत जास्त समपातळीत आहे ती जागा धरावी. प्राणी कठड्याखाली अगदी जवळ आला की लोक झुंबड करतात, पण त्या वेळी कोन सर्वांत वाईट असतो. तो पलीकडच्या बाजूला गेला की आपली नजर आपोआप आडवी होते. तेव्हा झूम करून, त्याच्या डोळ्यावर बोट टेकवून फोटो घ्यावा. हरणांच्या बाबतीत तर खाली उकिडवे बसले तरी काम होते. शेपटी, कान थोडे धूसर चालतात, डोळा धूसर चालत नाही.

आता जाळी. बिबट्या झाडावर चढणारा, त्याला जाळीशिवाय ठेवताच येत नाही. मोबाइलचे भिंग बारीक असल्यामुळे जवळचे आणि लांबचे दोन्ही बरेचसे स्पष्ट उमटते, म्हणून जाळीही ठसठशीत येते. ती नाहीशी करायची तर भिंग जाळीच्या अगदी जवळ हवे. डोळ्यासमोर धरलेले बोट जसे पुसट होते, तसेच. पण हिंस्र प्राण्यांच्या जाळीबाहेर रेलिंग असते आणि ते ओलांडायचे नाही, हात तर मुळीच घालायचा नाही. मग जाळीचा सावलीतला भाग शोधावा. ऊन पडलेली तार चमकते, सावलीतली तार दिसेनाशी होते. प्राणी तारेला चिकटून बसला असेल तर फोटो येणार नाही. तो आत, मागे जाईपर्यंत थांबावे. कोणाकडे मोठा कॅमेरा असेल त्यांनी भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे आणि झूम लांबवावा. मधली तार धुक्यासारखी विरून जाते.

सर्पोद्यान हे कात्रजचे खास वैभव. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली ते उभे केले. तिथे आणि कुठेही काचेसमोर फ्लॅश बंद करावा. तो काचेवर आपटून परत येतो, चित्रात पांढरा गोळा उरतो आणि प्राण्यालाही त्रास होतो. मोबाइल काचेला अलगद टेकवावा, भोवती तळहाताचा किंवा गडद ओढणीचा आडोसा करावा. त्या दिवशी पांढरा शर्ट न घातलेला बरा, कारण काचेत तोच आधी दिसतो.

पांढरा वाघ उन्हात उभा असला की मोबाइल फसतो, अंगावरचे पट्टे उडून जातात. पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. काळ्या अस्वलाचे उलट, तिथे थोडा वाढवावा, नाहीतर नुसता काळा ढीग दिसतो. दुपारी बहुतेक प्राणी सावलीत लोळत पडतात, म्हणून सकाळी गेट उघडताच पोहोचलेले चांगले. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो असत आणि माणूस एकेक जपून काढी. आता दहा काढून नऊ पुसता येतात. ते पुसण्याचे काम परतीच्या बसमध्ये करावे.

एका गोष्टीबद्दल आम्ही कडक आहोत. प्राण्याने तोंड वर करावे म्हणून शिट्ट्या, टाळ्या, खडे मारणारे लोक दर सुट्टीत दिसतात. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे याला वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला पळून जायला जागा नाही त्याच्यावर खडा मारण्यात मर्दुमकी कसली? आणि पोराला कठड्यावर बसवून फोटो काढणाऱ्या बापांना काय म्हणावे! सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या खंदकात एक तरुण पडला आणि जीव गमावून बसला. त्या वेळी वरचे काही लोक मोबाइलवर चित्रण करीत होते.

जाळी लपवणे म्हणजे खोटेपणा का, असेही कोणी विचारील. आमच्या मते एखादा फोटो मुद्दाम जाळीसकट काढावा. गजाआडून बाहेर बघणारे माकड, त्याच्यासमोर उभे असलेले आपले मूल, हे दृश्यही खरेच आहे. मुलांनी ते पाहून प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला थांबावे, पुढच्या पिंजऱ्याची घाई करू नये. जाळीशिवायचे रानच हवे असेल तर मुळशीकरांना लांब जायला नको. ताम्हिणीचे अभयारण्य, जे २०१३ साली जाहीर झाले, दाराशीच आहे. तिथे मात्र प्राणी आपली वेळ पाळत नाहीत, दिवसभर थांबूनही रिकाम्या हाताने यावे लागते.

घरी आल्यावर चांगले दोन-तीन फोटो स्टुडिओतून कागदावर काढून घ्यावेत. मोबाइल बिघडला, हरवला तरी ते राहतात. मागे तारीख आणि प्राण्याचे नाव मुलांकडूनच लिहून घ्यावे. कॅमेरा नेणार असाल तर त्याचे वेगळे तिकीट लागते का ते खिडकीवर विचारावे. आणि बुधवारी कात्रजचे प्राणिसंग्रहालय बंद असते, तो दिवस सोडून बेत आखावा.