पक्ष्यांच्या घरचे पाहुणे

सहलीस जावे की नाही, याविषयी आता कोणी वाद घालीत नाही. परंतु सहलीत वागावे कसे, याचा विचार क्वचितच होतो. पक्षी पाहावयास जाणाऱ्या मंडळींनी तरी तो केलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते.

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात चोडण हे बेट आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जाता येते. बेटाच्या पश्चिम टोकास, तिवरांच्या रानात, १९८८ मध्ये स्थापन झालेले सुमारे १.८ चौरस किलोमीटरांचे पक्षी अभयारण्य आहे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव त्यास दिलेले आहे.

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह आम्ही तेथे गेलो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात तुतवार आणि त्यांचे भाऊबंद भक्ष्य टिपीत होते. "सर, हे उडताना पाहायचे आहेत!" कोणी तरी म्हणाले. आमची मातृभाषा कोंकणी. आम्हीच नावाड्यास होडी जवळ घेण्यास सांगितले. थवा भुर्रकन उडाला, टाळ्या पडल्या. नावाडी मात्र हळूच म्हणाला, "मास्तर, तीं जेवतालीं." म्हणजे, ती जेवीत होती!

त्या तीन शब्दांनी आम्ही खजील झालो. हे पक्षी दूर उत्तरेकडून येतात. परतीच्या प्रवासास लागणारी चरबी त्यांना याच चिखलातून मिळवावयाची असते, आणि चिखल उघडा राहतो तो ओहोटीच्या काही तासांपुरताच. उडविलेला थवा तेवढ्या वेळेस मुकतो आणि साठविलेले बळही खर्च करतो. आमच्या टाळ्यांनी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

मग जाऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. जे कधी पाहिलेच नाही, ते जपावे असे कोणास वाटणार? समूहाने जाण्यात लाभही आहे : एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्यास दिसते. मात्र जितके डोळे, तितकीच तोंडे! म्हणून गट लहान असावा, बोलणे खुणेचे असावे आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना फसवू नये. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर केली की आपण थांबावे.

हा अभ्यास करण्यास गोवाच गाठावयास हवा असे नाही. आपल्या इंदूरचा सिरपूर तलाव आणि जवळचा यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. विद्यार्थिमित्रहो, तेथे जाल तेव्हा वहीत दोन रकाने आखा : एकात किती पक्षी दिसले ते लिहा, दुसऱ्यात आपल्यामुळे किती उडाले ते. दुसरा रकाना कोरा राहिला, तर सहल सफल झाली असे समजा.