परसांतील केळ आणि पौषाची थंडी

वर्धा जिल्ह्यांतील सेलू-पवनारकडच्या केळीच्या बागांचा एकेकाळीं मोठा लौकिक होता. तिकडच्या वैशाखाच्या उन्हाची धास्ती सर्वांसच असते. परंतु परसांतल्या केळीस पौषाची थंडीही तितकीच जाचते. पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला कीं तिची वाढ खुंटते, पानें पिवळीं पडतात, निसवूं पाहणारा घड गळ्याशींच अडकतो. हिमाच्या देशांत जपानी केळीचा खांब पेंढ्यानें गुंडाळतात. वरचें सारें गेलें तरी जमिनींतील कांद्यास पुन्हा कोंब फुटतात. आपल्याकडे बुंध्याशीं पालापाचोळ्याचें आच्छादन, उत्तरेस आडोसा आणि रात्रीं विहिरीचें कोमट पाणी एवढें पुरतें.

एवढें सारें आम्ही हौसेनें करतों, आणि मार्गशीर्षांत सत्यनारायण आला कीं पंगतीसाठीं त्याच केळीवर कोयता चालवितों! केळ एकदांच निसवते, व निसवल्यावर तिला नवें पान येत नाहीं. थंडींत तर तें आधींच सावकाश येतें. अशा दिवसांत हिरवें पान तोडणें म्हणजे घडाच्या तोंडचा घास काढून घेणें होय. तेवढे दोन महिने पंगतीस पळसाच्या पत्रावळी मांडाव्या, अशी गृहिणींस आमची विनंती आहे.