छापण्याआधी वर्कशॉपमध्ये वाचून बघा

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमधला अर्थिंगचा धडा घ्या. बाजारातलं कुठलंही पुस्तक उघडा, क्रम बहुधा ठरलेला. आधी व्याख्या, मग अर्थिंगची गरज चार-पाच मुद्द्यांत, मग पाइप अर्थिंग आणि प्लेट अर्थिंग, कोळसा-मिठाचे थर दाखवणारी आकृती आणि शेवटी स्वाध्याय. यात चुकीचं काही नसतं. तरी हा धडा पाठ केलेल्या मुलाला एक प्रश्न विचारा: गिझरच्या बॉडीला करंट उतरला, अर्थिंग केलेलं आहे, मग एमसीबी ट्रिप होईल का? बरीच मुलं छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात.

आता हिशेब करू. घरात 230 व्होल्ट आहेत. प्रवाह गिझरच्या बॉडीतून अर्थच्या तारेत, तिथून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. या सगळ्या वाटेचा रोध 23 ओहम धरू. खडकाळ, कोरड्या जमिनीत तो एवढा असणं अजिबात अवघड नाही. 230 ला 23 ने भागलं की 10 अँपिअर येतात. 16 अँपिअरची एमसीबी 10 अँपिअरला ट्रिप होत नाही. म्हणजे अर्थिंग ‘केलेलं’ असूनही बॉडीत करंट तसाच राहतो आणि ओल्या हाताने नळ उघडणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजायचा आणि म्हणूनच 30 मिलिअँपिअरच्या गळतीलाही सर्किट तोडणारा आरसीसीबी बसवायचा. एवढं सगळं एका पानात मावतं. पण आपल्या पुस्तकांत ओहमचा नियम सुरुवातीच्या एका धड्यात असतो, आरसीसीबी संरक्षक साधनांच्या धड्यात आणि भागाकार तर ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’च्या वेगळ्याच पुस्तकात. हे तीन तुकडे जोडायचं काम आपण सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर सोडून दिलं आहे.

माझं म्हणणं असं आहे की, व्यवसाय शिक्षणाच्या पुस्तकाचा क्रम कामाच्या क्रमाने लागला पाहिजे, विषयाच्या क्रमाने नव्हे. विषयाचा क्रम अभियांत्रिकीच्या पदवीला शोभतो. बारा इंची कानस हातात घेऊन जॉब साइजला आणणाऱ्या मुलाला ज्ञान हवं असतं ते त्या क्षणी, त्या जॉबपुरतं, आणि पूर्ण.

शिकणाऱ्याच्या गरजेप्रमाणे शिकवण्याचा हा विचार नवा नाही. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1890 मध्ये कलाभवन सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी आग्रह धरला होता तो कारागिरांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा. देशात 1950 मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली. पुढे 1986 मध्ये चेन्नईला जर्मनीच्या साहाय्याने एक संस्था उभी राहिली, आज आपण तिला ‘निमी’ म्हणून ओळखतो. तिच्या प्रात्यक्षिकाच्या पुस्तकांत प्रत्येक जॉबचं ड्रॉइंग, कामाचा क्रम आणि अवघड कौशल्याचा स्वतंत्र क्रम दिलेला असतो. ही मांडणी उत्तम आहे, ती सोडू नये. पण प्रात्यक्षिकाचं पुस्तक वेगळं आणि थिअरीचं वेगळं ही फाळणी कायम आहे, आणि मूळ मजकूर इंग्रजीत लिहून मग भाषांतर करण्याची पद्धतही. मराठी मुलासाठीचं पुस्तक पहिल्या ओळीपासून मराठीतच लिहिलं जायला हवं, आणि ते लिहायला शिल्प निदेशकाइतका योग्य माणूस नाही. मुलाचा हात कुठे अडखळतो हे रोज बघणारा तोच असतो.

सुरक्षेच्या सूचनांबाबत तर मला फार तीव्रपणे वाटतं. त्या पहिल्या धड्यात एकगठ्ठा देऊन टाकतात. मूल त्या परीक्षेपुरत्या पाठ करतं आणि नवव्या धड्यात प्रत्यक्ष बोर्ड उघडतं, तेव्हा त्या पानावर एक अक्षरही नसतं. मेन बंद केल्यावर टेस्टर आधी नक्की चालू असलेल्या पॉइंटवर लावून तपासायचा, मग आपल्या सर्किटवर लावायचा, आणि परत एकदा चालू पॉइंटवर. टेस्टरच बिघडला असेल, तर त्याने ‘करंट नाही’ सांगणं जीवघेणं ठरतं. ही ओळ बोर्ड उघडण्याच्या पायरीच्या आधी, त्याच पानावर, प्रत्येक वेळी छापली पाहिजे. पाने वाढली तर वाढू द्या.

तसंच बिघडलेल्या जॉबचे फोटोही हवेत. वेल्डिंगच्या पुस्तकात नीट बसलेला सांधा असतो. करंट जास्त ठेवल्याने कडेला पडलेली खाच, ओलसर इलेक्ट्रोडमुळे धातूत राहिलेली छिद्रं आणि न काढलेल्या स्लॅगवर मारलेला दुसरा थर शेजारी शेजारी दाखवा आणि प्रत्येकाखाली कारण लिहा. मूल आपला सांधा त्या फोटोंशी ताडून बघेल.

एवढं करूनही पुस्तक कसं झालंय हे लेखकाला कळत नाही, तज्ज्ञ समितीलाही नाही. ते कळतं वीस मुलांच्या तुकडीत. कच्चा धडा मुलांच्या हाती द्या, हत्यारं द्या, आणि निदेशकाला गप्प उभं राहायला सांगा. विजेचा जॉब असेल तर मेन बंद ठेवूनच. व्हर्निअर कॅलिपरचा धडा घ्या. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर व्हर्निअरवर 50 भागांत वाटले, म्हणून लघुत्तम माप 0.02, हे मूल वाचतं आणि मान डोलावतं. मग प्रत्यक्षात कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळली ते दिसत नाही म्हणून थांबतं आणि शेजारच्याकडे बघतं. तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथे मोठा, रेघ न् रेघ दिसणारा फोटो हवा होता, सूत्र पुढे चाललं असतं.

आता थिअरीची परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची आहे. त्यामुळे प्रश्नसंचांची गाइडं खपतात आणि मुलं पुस्तक उघडतच नाहीत. यात दोष मुलांचा नाही. हातातल्या कामाला उपयोगी न पडणारं पुस्तक कोण वाचेल?

व्यवसाय शिक्षण संचालनालयाने निदान इलेक्ट्रिशियन आणि फिटर या दोन ट्रेडसाठी चार-चार अनुभवी निदेशकांना वर्षभर वर्गातून मोकळं करावं, त्यांना योग्य मानधन द्यावं आणि दोन तुकड्यांवर तपासल्याशिवाय एकही धडा छापू नये. आणि निदेशकांनो, आदेशाची वाट बघू नका. फळ्यावर काढलेली आकृती पुसण्याआधी तिचा फोटो काढा, मुलांनी विचारलेला प्रश्न त्याच्याखाली लिहून ठेवा. पुस्तकाचं काम तुम्ही आजपासून सुरू करू शकता.